प्रश्नाचे मंडन

गेल्या पावसाळ्यातील एक संध्याकाळ. मिस्सा आटोपून मी निवासस्थानी परतलो, तेव्हा ओसरीवर आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी कागदांची चळत मांडीवर घेऊन बसली होती. विद्यापीठात पीएच.डी.साठी तिची नोंदणी होऊन काही महिने झाले होते.

“फादर, उद्या माझ्या सिनॉप्सिसचे सादरीकरण आहे. समितीपुढे बोलायचे आहे. तुम्ही मला प्रश्न विचारा. अवघड विचारा.”

“अगं, तुझ्या विषयातले मला काय कळणार?”

“म्हणूनच तर तुमच्याकडे आले!”

तिचा विषय होता वसईची बावखले. या लेखाचे सगळेच वाचक वसईचे नसतील, म्हणून सांगतो. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, मुरते, आणि त्याच पाण्यावर पूर्वी रहाट लावून केळी, पानवेली, फुले, भाजीपाला पिकत असे. आज त्यांपैकी कितीतरी बुजवली गेली आहेत. या विषयावर ती दहा मिनिटे अस्खलित बोलली. बावखले कोणी खोदली, पाणी कसे वाटून घेत, ती बुजवून तिथे काय उभे राहिले, सारे तिला पाठ होते. तिचे बोलणे संपल्यावर मी विचारले, “हे झाले तुला ठाऊक आहे ते. ठाऊक नाही ते कोणते?”

ती गप्प झाली. बाहेर पाऊस पडत होता आणि पागोळ्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, “हा प्रश्न उद्या कोणी विचारला तर?”

“उद्या पहिला प्रश्न हाच असेल, असे समज.”

ती गेल्यावर मला माझे सेमिनरीतील दिवस आठवले. आमच्या अखेरच्या तोंडी परीक्षेसाठी विधानांची एक छापील यादी मिळत असे. त्यांपैकी कोणतेही विधान काढून तीन प्राध्यापक समोर बसत. त्यांतले एक मुद्दाम विरुद्ध बाजू घेत, आणि इतक्या मन लावून घेत की फादर खरोखरच निरीश्वरवादी झाले की काय, अशी आम्हाला शंका येई. आम्ही त्याला छळ समजत होतो. त्या छळाला सुमारे आठशे वर्षांचा वंशवृक्ष आहे, आणि उद्या सादरीकरण करणारी ही मुलगी त्याच झाडाची एक फांदी आहे, हे मात्र तेव्हा ध्यानात आले नव्हते.

त्या झाडाचे मूळ पॅरिसमध्ये शोधावे लागते. तेराव्या शतकाच्या आरंभी तिथल्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी मिळून जो संघ उभा केला, त्यालाच आपण आज विद्यापीठ म्हणतो. १२१५ साली पोपचे प्रतिनिधी रॉबर्ट द कूर्सों यांनी त्या विद्यापीठाला नियम घालून दिले. ईशज्ञान शिकवू पाहणाऱ्याचे वय किमान पस्तीस असावे आणि त्याने किमान आठ वर्षे अध्ययन केलेले असावे, अशी अट त्यांत होती. आजच्या तरुणांना पाच वर्षे लांब वाटतात!

शिक्षणाचे दोन प्रकार होते. एक पाठ, म्हणजे ग्रंथ वाचून त्याचे विवरण करणे, दुसरा वादसभा. वादसभेत आचार्य एक प्रश्न आधी जाहीर करीत. ठरलेल्या दिवशी इतर वर्ग बंद राहत आणि सारे एकत्र जमत. आचार्यांचा एक ज्येष्ठ विद्यार्थी, ज्याला बॅचलर म्हणत, तो उत्तर देण्यास उभा राहत असे. जमलेल्यांपैकी इतर आक्षेप घेत. तो एकेकाला उत्तर देई, अडखळे, सावरे. आचार्य बहुधा ऐकत राहत. नंतरच्या दिवशी तेच आचार्य सर्व आक्षेप क्रमाने लावून अंतिम निर्णय सांगत, त्याला ‘निर्धारण’ म्हणत. वर्षातून दोनदा, आगमनकाळात आणि उपवासकाळात, याहून धाडसी सभा भरे. तिथे कोणीही, कोणत्याही विषयावर, आधी न कळवता प्रश्न विचारू शकत असे. सगळेच आचार्य तिथे उभे राहायला राजी नसत, यात नवल ते काय.

आपल्या वाचकांना यात फारसे परके वाटू नये. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धान्त ही पायरी आपल्या शास्त्रकारांनीही बांधली होती. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी स्वतःच्या तोंडाने, त्याला पटेल इतक्या नेटकेपणाने मांडायचे, मगच खोडायचे. आचार्य शंकर व मंडनमिश्र यांच्या वादाची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात निर्णय देण्यास मंडनमिश्रांची पत्नी बसली होती, असे परंपरा सांगते. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज लागेल.

संत थॉमस अक्वायनस यांचे ग्रंथ उघडले की या वादसभेचा सांगाडा आजही डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रश्न मांडला की ते प्रथम विरोधकांची बाजू लिहितात. मग ‘परंतु याच्या उलट’ म्हणून एक आधारवचन, मग ‘माझे उत्तर असे’, आणि शेवटी एकेका आक्षेपाचे समाधान. देव आहे काय, हा प्रश्न त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथात घेतला आहे. तिथेही पहिली वाक्ये देवाच्या बाजूची नाहीत. जगात दुःख व दुष्टता आहे, मग अनंत चांगुलपणा असणारा देव कसा असेल, आणि सृष्टीतील घडामोडींचा उलगडा निसर्गनियमांनीच होत असेल तर देवाची गरजच काय, असे दोन आक्षेप ते आधी नोंदवतात. सातशे वर्षांनंतरच्या नास्तिकांना या दोहोंत फारशी भर घालता आलेली नाही. ज्यांची श्रद्धा पर्वतासारखी होती त्यांनी हे लिहिले, आणि तरुण शिष्यांच्या हाती पाठ्यपुस्तक म्हणून दिले.

त्यांची स्वतःची परीक्षा मात्र सुखासुखी पार पडली नाही. १२५२ साली ते पॅरिसला आले. १२५६ च्या वसंतात त्यांना आचार्यपदाची अनुज्ञा मिळाली, तेव्हा त्यांनी तिशी नुकतीच ओलांडली होती, म्हणजे वयाची अट शिथिल करावी लागली. त्याहून मोठी अडचण अशी, की भिक्षाव्रती संघाच्या धर्मबंधूंनी विद्यापीठात आचार्यपदे घ्यावीत हे तिथल्या अन्य शिक्षकांना मुळीच रुचत नव्हते. वातावरण इतके तापले होते की दोमिनिकनांच्या मठाभोवती राजाला धनुर्धारी पहारा ठेवावा लागला. पोप चौथे अलेक्झांडर यांनी त्या वर्षीच्या जूनमध्ये लिहिलेल्या पत्रात अशी तक्रार आहे, की थॉमस यांच्या पदग्रहणसभेला येऊ इच्छिणाऱ्या लोकांना विरोधकांनी अडवले. आचार्यपदाचा विधी दोन टप्प्यांचा असे. पूर्वसंध्येला एक वादसभा, दुसऱ्या दिवशी बिशपांच्या सभागृहात दुसरी; तिथेच नव्या आचार्याच्या मस्तकी टोपी चढवली जाई. थॉमस यांनी उद्घाटनपर व्याख्यानासाठी निवडलेले स्तोत्रवचन परमेश्वर वरून डोंगरांना पाणी पाजतो या आशयाचे होते. ज्ञान वरून खाली झिरपत येते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. असे असूनही विद्यापीठाच्या आचार्यमंडळात त्यांना व फ्रान्सिस्कन संत बोनाव्हेंचर यांना प्रवेश मिळायला पुढचे, १२५७ चे, वर्ष उजाडावे लागले.

इतका सुंदर वारसा लाभलेल्या आपल्या ख्रिस्तसभेने तो सदैव जपला, असे मला लिहिता आले असते तर बरे वाटले असते. थॉमस निवर्तले ७ मार्च १२७४ रोजी. बरोबर तीन वर्षांनी, ७ मार्च १२७७ रोजी, पॅरिसचे बिशप एत्येन तांपिए यांनी २१९ विधाने शिकवण्यास बंदी घातली. त्यांतली काही दिवंगत थॉमस यांच्या मतांनाही स्पर्श करीत होती. १३२३ साली थॉमस संत म्हणून घोषित झाले आणि १३२५ मध्ये त्यांच्यापुरती ती बंदी मागे घेण्यात आली. दोन शतकांनी पिको देल्ला मिरांदोला या तेवीस वर्षांच्या तरुणाने रोममध्ये ९०० विधाने छापून जाहीर केली. जो विद्वान वाद घालण्यास येईल त्याचा प्रवासखर्च आपण सोसू, असेही त्याने कळवले. हे १४८६ च्या डिसेंबरात. सभा भरायची होती नव्या वर्षी, प्रकटीकरणाच्या सणानंतर. पोप आठवे इनोसंट यांनी ती थांबवली, चौकशी मंडळ नेमले, आणि तेरा विधाने आक्षेपार्ह ठरली. पिकोने त्यांचे समर्थन लिहिताच सगळे पुस्तकच निषिद्ध झाले. पोरगा उद्दाम होता यात शंका नाही. पण नऊशेपैकी काही विधाने चुकीची होती, तर ती भर सभेत चुकीची ठरवण्यासाठीच तर त्याने खर्च देऊ केला होता.

१५१७ सालची घटना तर सर्वश्रुत आहे. ३१ ऑक्टोबर रोजी मार्टिन ल्यूथर यांनी दंडमुक्तीच्या व्यवहारासंबंधी जी ९५ विधाने पुढे केली, तो मूळ स्वरूपात विद्यापीठातील वादसभेचा कागद होता. प्रत्यक्ष येऊ न शकणाऱ्यांनी पत्राने भाग घ्यावा, अशी विनंती त्याच्या आरंभी आहे. ती वादसभा कधी भरलीच नाही. ती भरली असती तर इतिहास बदलला असता का, हे सांगणे कोणाच्याही हाती नाही; त्यामागे राजकारण होते, पैसा होता, मानी माणसे होती. परंतु त्या विधानांना उत्तर मिळण्याची पहिली जागा सभागृह होती, आणि ते रिकामेच राहिले, एवढे मात्र खरे.

आता पादुआ या नगरीकडे वळू. तेथील विद्यापीठ १२२२ पासूनचे. १६७८ साली एका स्त्रीने तिथे डॉक्टर पदवीसाठी उभे राहायचे ठरवले. तिचे नाव एलेना कोर्नारो पिस्कोपिया. व्हेनिसच्या एका सरदार घराण्यातली ही कन्या. तिची बुद्धी प्रथम हेरली ती कुटुंबाचे स्नेही असलेल्या एका धर्मगुरूंनी, आणि सातव्या वर्षापासून तिला ग्रीक व लॅटिनचे धडे मिळू लागले. पुढे हिब्रू, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषा तिने आत्मसात केल्या. सप्तभाषिणी म्हणून तिचा लौकिक झाला. अकराव्या वर्षी तिने ब्रह्मचर्याचे खासगी व्रत घेतले होते आणि पुढे ती बेनेदिक्तन संघाची प्रापंचिक सदस्या झाली. तिच्या गुरूंनी तिच्यासाठी ईशज्ञानातील डॉक्टर पदवीचा अर्ज केला. पादुआचे बिशप हे पदसिद्ध नात्याने विद्यापीठाचे कुलपती असत. त्या वेळी ते होते कार्डिनल ग्रेगोरियो बार्बारिगो. त्यांनी नकार दिला. स्त्रीने ईशज्ञानाची आचार्या व्हावे, हे त्यांना मान्य नव्हते.

हे बार्बारिगो कोणी कोत्या मनाचे गृहस्थ नव्हते, ही यातील खरी अवघड गोष्ट आहे. त्यांनी सेमिनरीची उत्तम घडी बसवली, तिच्यासाठी छापखाना काढला, त्यात पौर्वात्य भाषांचे टाइप आणवले, गोरगरिबांसाठी हात सैल ठेवला. पोप तेविसावे जॉन यांनी १९६० साली त्यांना संतपद दिले. त्यांच्या पवित्रतेविषयी माझ्या मनात किंतु नाही. तरीही मला वाटते, त्या दिवशी त्यांनी आक्षेप ऐकण्याआधीच निर्धारण केले. एलेनाने चूक उत्तर दिले असते तर सभेने तिला परत पाठवले असतेच. त्यासाठीच तर सभा असते. तिला प्रश्नच विचारायचा नाही, हा निर्णय मात्र कोणत्याही आक्षेपापेक्षा कठोर होता.

अखेर तडजोड निघाली. ईशज्ञान नको, तत्त्वज्ञान चालेल. २५ जून १६७८. गर्दी इतकी लोटली की विद्यापीठाची जागा अपुरी पडणार म्हणून परीक्षा कॅथेड्रलमध्ये हलवण्यात आली. अरिस्टॉटलच्या ग्रंथांतून अकस्मात निवडलेल्या दोन उताऱ्यांवर तिने लॅटिनमध्ये विवरण करायचे होते. एक उतारा तर्कशास्त्रातला, दुसरा भौतिकीतला. तिचे विवरण संपले तेव्हा परीक्षकांनी प्रथेप्रमाणे गुप्त मतदान न करता एकमुखाने संमती दिली. तिचे गुरू कार्लो रिनाल्दिनी यांनी तिच्या बोटात अंगठी घातली, मस्तकी लॉरेलचा मुकुट ठेवला, खांद्यावर पदवीचे वस्त्र चढवले. त्या वेळी ती बत्तीस वर्षांची होती. २६ जुलै १६८४ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, ती देवाघरी गेली.

पादुआने त्यानंतर स्त्रियांसाठी दार पुन्हा लावून घेतले. इटलीत पुढची स्त्री डॉक्टर झाली ती १७३२ साली, बोलोन्यात: लॉरा बासी. तिने भर नगरसभागृहात ४९ विधानांचे मंडन केले. तिच्या पाठीशी उभे राहिले ते तेथील आर्चबिशप कार्डिनल लांबेर्तिनी, जे पुढे पोप चौदावे बेनेदिक्त झाले. एका कार्डिनलांनी अडवलेली वाट दुसऱ्या कार्डिनलांनी मोकळी केली, असे म्हणायला हरकत नाही. ईशज्ञानापुरते मात्र थांबावे लागले. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी आविलाच्या संत तेरेजा आणि सिएनाच्या संत कॅथरिन यांना ख्रिस्तसभेच्या आचार्या म्हणून घोषित केले. एलेनाच्या परीक्षेला तोवर २९२ वर्षे लोटली होती.

हे मंडन कशाचे असे, ते येथे सांगायला हवे. वादसभेतील उमेदवार उत्तराचे मंडन करीत असे. विधान आधीच ठरलेले. ते खरे आहे, हे दाखवायचे. ते विधान त्याने स्वतः शोधलेले असावे, अशी अपेक्षाच नव्हती. अठराव्या शतकापर्यंत उत्तर युरोपात तर अशी रीत होती की प्रबंध बहुधा अध्यक्षस्थानी बसणारे प्राध्यापकच लिहीत आणि विद्यार्थी तो छापून आणून सभेत त्याचा बचाव करी. वनस्पतींना दुहेरी नावे देणारे स्वीडिश शास्त्रज्ञ लिनेयस यांच्या अध्यक्षतेखाली असे १८६ प्रबंध सादर झाले. त्यांतले बहुतेक त्यांचेच मानले जातात. आज आपण याला काय म्हटले असते, ते सांगायला नको.

पालट झाला तो एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत. १८१० साली बर्लिनला विद्यापीठ स्थापन झाले. ज्ञान म्हणजे पुरी न झालेली, शोधत राहण्याची गोष्ट, हा विचार विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांनी तिथे रुजवला. आता विद्यार्थ्याने ज्ञानात स्वतःची भर घालावी, अशी अपेक्षा निर्माण झाली. ही पद्धत १८६१ मध्ये अमेरिकेत येल येथे पोचली. ऑक्सफर्डने ती स्वीकारली १९१७ साली, तीही जरा नाइलाजानेच. जुन्या रीतीचे अवशेष अजून दिसतात. स्वीडनमध्ये प्रबंध सभेपूर्वी काही आठवडे फळ्यावर खिळा ठोकून लावतात. नेदरलंड्समध्ये पाऊण तासाने भालदार येऊन ‘वेळ झाली’ असे लॅटिनमध्ये पुकारतो, आणि उमेदवाराचे वाक्य अर्धे असले तरी सुटका होते.

विद्यार्थ्याने नवे शोधायचे म्हटल्यावर एक अडचण उभी राहिली. चार-पाच वर्षे खपून हाती काहीच आले नाही तर? म्हणून विसाव्या शतकात शोधाच्या आरंभीच एक सभा घेण्याची चाल पडली. आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या आणि नंतर २०२२ च्या नियमांनी ती बांधून दिली आहे. विद्यार्थ्याला प्रथम किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, त्यात किमान ५५ टक्के गुण मिळवावे लागतात. त्याच्यासाठी एक संशोधन सल्लागार समिती असते. ती त्याचा आराखडा तपासते, विषय पक्का करते, आणि पुढे प्रत्येक सत्रात त्याने तिच्यापुढे प्रगती मांडायची असते. शेवटी प्रबंधावर खुली तोंडी परीक्षा होते, तीच जुन्या वादसभेची खरी वारसदार.

परंतु आरंभीची ही सभा माझ्या मते अधिक अवघड आहे. इथे उमेदवाराकडे बचाव करायला उत्तरच नसते. त्याने प्रश्नाचे मंडन करायचे असते. हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, तो आजवर कोणी पुरता सोडवलेला नाही, तो सोडवण्याची माझी रीत अशी, इतक्या काळात व इतक्या साधनांत ते जमेल, आणि अमुक गोष्ट मला यातून कळणार नाही, हेही मला ठाऊक आहे. समितीचे सभासद विचारतात: हेच का? इथेच का? अमक्याने हे आधी केले नाही का? आकडे कुठून आणणार? आणि तुमची अटकळ खोटी ठरली तर? या शेवटच्या प्रश्नाला ‘ती खोटी ठरणार नाही’ असे उत्तर देणारा तिथेच पडतो. खोटी ठरली तरी तेही एक फळच आहे, असे ज्याला सांगता येते त्याचा आराखडा उभा राहतो. संत थॉमस विरोधकाची बाजू स्वतः लिहीत. आजच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या पराभवाची शक्यता स्वतः लिहावी लागते.

आपल्या महाराष्ट्राच्या एका कन्येची गोष्ट इथे आठवते. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अटकळ अशी, की गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी असमान असते आणि त्या असमानतेचा त्याच्या वरचढ बुद्धीशी संबंध आहे. कर्व्यांनी १४९ कवट्यांची मापे घेतली. त्या विषमतेचा वंशाशी काही संबंध त्यांना आढळला नाही, आणि तसे त्यांनी लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतःच्याच गुरूच्या मताविरुद्ध. पदवी त्यांना मिळाली. फिशर यांचे नाव पुढे नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा टेकू देणाऱ्यांत घेतले जाऊ लागले.

गुरू कसा असावा, याचे दुसरे उदाहरण लंडनचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध तेथील परीक्षकांनी एकदा दुरुस्तीसाठी परत केला. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहून दिला, आणि १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. ग्रंथ छापला तेव्हा प्रस्तावना लिहिली ती त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि तीत लेखकाशी आपले कोठे पटत नाही, हे त्यांनी उघड नोंदवले. न पटणाऱ्या शिष्याच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे गुरू आज किती असतील?

आणखी एक आठवण आपल्या घरची. बेल्जियममध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर कामिल बुल्के १९३५ साली भारतात आले आणि हिंदीच्या प्रेमात पडले. रामकथेचा उगम व विकास हा विषय घेऊन ते अलाहाबाद विद्यापीठात संशोधनासाठी दाखल झाले. त्या काळी प्रबंध इंग्रजीत लिहिण्याचा नियम होता. फादरांनी आग्रह धरला, की हिंदीतील विषयावर मी हिंदीतच लिहीन. कुलगुरू डॉ. अमरनाथ झा यांनी त्यांची मागणी उचलून धरली, नियम बदलला. १९४९ मध्ये पदवी मिळाली, पुढच्या वर्षी ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदीच्या अभ्यासकांना आजही त्याला वळसा घालून जाता येत नाही. एका परदेशी धर्मगुरूने आपल्या लोकांच्या भाषेसाठी असा हट्ट करावा, याचे मला राहून राहून कौतुक वाटते. आपली मुले मराठीत संशोधन करायला का कचरतात, हा प्रश्नही त्याबरोबर मनात येतो. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दुसऱ्या दिवशी रात्री ती मुलगी पुन्हा आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

“काय झाले गं?”

“फादर, परत पाठवला. म्हणजे पुरता नाही. दुरुस्त करून महिन्याने आणा म्हणाले.”

समितीतील एका वयस्क सरांनी तिला विचारले होते, की संपूर्ण तालुक्याची बावखले तू एकटी कशी मोजणार? दुसऱ्या बाईंनी विचारले, बावखल बुजल्यामुळे शेजारच्या विहिरीचे पाणी खारट झाले, असे तू गृहीत धरतेस. आधी ते गोडे होते, याला पुरावा काय? त्यावर ती म्हणाली होती, “मला माहीत नाही. तेच शोधायचे आहे.” बाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिले.

“मी चूक बोलले का, फादर?”

“नाही. आदल्या रात्री मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तू त्यांना दिलेस.”

महिन्याने आराखडा मंजूर झाला. तालुक्याऐवजी आता पाच गावे आहेत. कोणत्या विहिरीचे पाणी पूर्वी पिण्याजोगे होते, याची नोंद कुठे सापडेल, या शोधात ती वाडीवाडीत म्हाताऱ्या माणसांकडे बसते आहे. मला तिने धर्मग्रामाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या बघायला सांगितले आहे. चर्चच्या विहिरीवर कधी काय खर्च झाला, ते त्यांत असेल असे तिला वाटते. दोन वह्या सापडल्या. तिसरीची पाने चिकटली आहेत; ती कोणी हलक्या हाताने सोडवून देत असेल तर मला कळवावे.